मोकळा नंबर

आधीच सांगून टाकते, मी काही गोडबोली बाई नाही. सव्वीस वर्षं पाचवीला गणित शिकवतेय. पोरं पाठीमागे मला 'मिरची' म्हणतात आणि समोर आली की भिजल्या मांजरासारखी होतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. माझी शिक्षा एकच. उभं राहायचं, मी 'बस' म्हणेपर्यंत. आणि माझ्यापुरता माझा एक नियम आहे, ज्याला उभं केलं त्याला घंटा व्हायच्या आत बसवायचं. हा नियम मी सव्वीस वर्षांत एकदाच मोडला.

पाचवी ब मधली सतरा नंबरची मुलगी. तिसरा बाक, खिडकीकडची जागा. शाळेच्या फाटकासमोर टेलरताईंचं दुकान आहे, सगळ्या शाळेचे गणवेश त्याच शिवतात. त्यांची ही थोरली. धाकटी दुसरीत. पहिल्या सत्रातल्या एका सोमवारी थोरलीने गृहपाठ आणला नव्हता. का नाही आणला, विचारलं तर गप्प. मी म्हटलं, उभी राहा. ती उभी राहिली. मी अपूर्णांकांची बेरीज शिकवत राहिले, फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. घंटा झाली तसा खडू ठेवला आणि निघून गेले. दारातून एकदा वळून पाहिलं असतं तर दिसलं असतं, पोर अजून उभीच आहे. मंगळवारी ती आली नाही. बुधवारी कळलं, ताप आहे, डॉक्टरांच्या मते रविवारपासून असणार. शुक्रवारी ती गेली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या आईला तर नाहीच नाही.

आता आमच्या शाळेची एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण मी लागले तेव्हापासून बघतेय. वर्ष चालू असताना एखादं मूल गेलं, तर त्याचा हजेरी नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, आणि तांबड्या शाईने काटायचाही नाही. हजेरी घेताना त्या नंबरापाशी थांबायचं, एक श्वास घ्यायचा आणि पुढच्याला हाक मारायची. आम्ही त्याला मोकळा नंबर म्हणतो. वर्ष संपलं की नंबर नव्याने लागतात, तेव्हाच काय तो निघतो. पोरांना हे शिकवावं लागत नाही. सोळा नंबर 'हजर' म्हणायचा, मग सगळा वर्ग एवढासा थांबायचा, मग अठरा.

दुसऱ्या सत्राच्या तोंडावर शाळेने वर्गावर्गात यंत्रं बसवायचं काढलं. कुठलं घ्यायचं ते ठरवायला तिघांची समिती नेमली. हेडबाई, सायन्सचे सर आणि मी. मला कशाला? तर हेडबाई म्हणाल्या, "तुम्हाला पटलं की बाकीच्यांना आपोआप पटेल." म्हणजे कडू औषध आधी मला पाजून बघायचं!

तीन यंत्रं आठवडाभर वापरून पाहिली. पहिल्यात उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हत्ती नाचायचा. पोरं लबाड, 'दोन अधिक दोन' सोडवून सोडवून तास संपेपर्यंत हत्ती नाचवत बसली. दुसऱ्यात प्रत्येकाच्या हातात एक पाटी होती, तिला रोज चार्ज करायचं. निम्मा तास तारांचा गुंता सोडवण्यात जायचा. तिसरं म्हणजे फळ्यावर एक कॅमेरा आणि शेजारी पडदा. तो चेहरे बघून हजेरी घ्यायचा, आईवडिलांना निरोप पाठवायचा, कुणाचं लक्ष आहे कुणाचं नाही ते सांगायचा. एखादं मूल उभं राहिलं की त्याची उंचीसुद्धा मोजायचा. सायन्सचे सर तर हरखूनच गेले. "बाई, हजेरीची रोजची सात मिनिटं वाचतात. करा वर्षाचं गणित!"

केलं. गणितच शिकवते ना मी. तेवीस तासांच्या वर होतात. तिथेच मी पाघळले आणि सही करून मोकळी झाले. शिक्षकखोलीत त्या यंत्राला सगळे 'डोळा' म्हणायला लागले.

माझ्या वर्गाची नावं मलाच भरायची होती. सोळापर्यंत सुरळीत झालं. सतरा मोकळा सोडून अठरा भरायला गेले तर डोळा अडून बसला. अनुक्रमांक सलग हवेत म्हणे. कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, जो विद्यार्थी नाही त्याचा नंबर पुढच्याला देऊन टाका ना." देऊन टाका! त्याचं काय जातंय? माझ्याच्याने होईना. शेवटी जुना हजेरीपट उघडला आणि तिचं नाव, जन्मतारीख, आईचा फोन, सगळं जसंच्या तसं भरून टाकलं. रीत पाळली, असं वाटलं मला. चेहरे ओळखायला वर्षाच्या सुरुवातीचा वर्गाचा फोटो चढवला. त्यात ती दुसऱ्या रांगेत होती, डावीकडून चौथी.

पहिल्या दिवशी सकाळी पडद्यावर अक्षरं उमटली. पट ४१. हजर ४१. त्याखाली बारीक ओळ, बसलेले ४०, उभे १. उभी असणारी ती मीच, मी कुठे वर्गात बसते! ती खालची ओळ त्यानंतर मी कधी वाचलीच नाही. पण वरचा आकडा? तो तर नुसत्या पटावरच्या मुलांचा. मी डोकी मोजली. चाळीस. बाकांमधून फिरून, प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवून पुन्हा मोजली. चाळीसच.

"बाई, काय शोधताय?" पहिल्या बाकावरच्या चोंबड्या मुलीने विचारलंच.

"तुझी अक्कल," मी म्हटलं. वर्ग हसला, आणि मी तिसऱ्यांदा मोजायला लागले.

सायन्सच्या सरांना बोलावलं. ते मागच्या भिंतीकडे बघून हसले. "अहो, तो वर्गाचा फोटो टांगलाय ना तिथे! त्यातला चेहरा धरला असेल त्याने." मला हायसं वाटलं. फोटो उतरवून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी, हजर ४१. सर म्हणाले, "बघतो, सेटिंग असेल काहीतरी." या माणसाला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर सेटिंग!

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टेलरताई वर्गाच्या दारात उभ्या. गळ्यात टेप तसाच, हातात फोन. मी त्यांना पाहिलं आणि एका क्षणात सगळं लक्षात आलं. निरोप! मी त्यांचा नंबर भरला होता की.

"बाई, हे तुम्ही पाठवता?" त्यांनी फोन पुढे केला. 'आपली पाल्य आज ७ वाजून ४० मिनिटांनी वर्गात हजर झाली.' तीन दिवसांचे तीन निरोप.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "ताई, मी नाही हो, यंत्र पाठवतं. चूक माझीच आहे. मला माफ करा. आत्ताच्या आत्ता काढून टाकते."

"काढू नका."



"मला वेड नाही लागलेलं, बाई," त्या म्हणाल्या. "ती नाही, हे मला कळतंय. माझ्याहून जास्त कुणाला कळणार? पण सकाळी सात चाळीसला फोन वाजतो ना, तेवढ्यावर माझं मशीन चालतं. तीन दिवस झाले, मी पहिल्यांदा दोन घास नीट जेवले. राहू द्या. वर्ष संपेपर्यंत तरी राहू द्या."

तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. एरवी हेडबाईंनाही तोंडावर नाही म्हणणारी मी. पण त्या सोमवारचं ओझं होतं ना डोक्यावर! जिने लेकराला उभं ठेवलं, तिने त्याच्या आईला काय शहाणपण शिकवावं? मी हो म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. हजर ४१, आणि मी त्या आकड्याकडे न बघता शिकवायला शिकले. मधल्या सुट्टीत टेलरताई फाटकाशी येऊन मला निरोप वाचून दाखवायच्या. आज तिचं लक्ष चांगलं होतं. आज ती खिडकीबाहेर जास्त बघत होती. "बाई, त्या खिडकीतून माझं दुकान दिसतं," असं म्हणून त्या हसल्या. आणि ते खरं होतं. तिसऱ्या बाकावरच्या त्या जागेवरून बरोब्बर त्यांचं मशीन दिसतं. हे डोळ्याला कुणी सांगितलं?

आणि उंची. इतरांच्या आईवडिलांना उंचीचा निरोप महिन्यातून एखाद वेळी यायचा. टेलरताईंना रोज यायचा. "शाळा सुरू होताना मीच मापं घेतली होती, एकशे एकतीस होती," त्या सांगायच्या. "आता बघा, एकशे बत्तीस. मुली या वयात झरझर वाढतात." एक दिवस एकशे तेहेतीस झाली. मग एकशे चौतीस. मी मान हलवायची. दुसरं काय करणार? मुळावरच घाव घालायला हवा होता तेव्हा मी मान हलवत बसले.

अशात एक दिवस दुसरीच्या बाई शिक्षकखोलीत चहा घेता घेता म्हणाल्या, "टेलरची पोर, आणि स्कर्टाला पिन! बटण तुटून महिना झाला. डबा उघडला की निम्म्या वेळा रिकामा. विचारलं तर म्हणते, आई कामात आहे. काय म्हणावं? दिव्याखाली अंधार."

मी कप खाली ठेवला. त्या धाकटीला मी रोज बघत होते की! रोज फाटकाशी आईच्या पदराला धरून उभी असायची आणि आम्ही दोघी तिच्या डोक्यावरून तिच्या मेलेल्या बहिणीच्या गप्पा मारत होतो.

शाळा सुटल्यावर सरळ दुकानात गेले. फळीवर कापडांचे गठ्ठे तसेच पडलेले. सगळी शाळा गणवेशासाठी ताटकळत होती. खिळ्याला एकच गणवेश टांगलेला, पूर्ण शिवलेला, इस्त्री केलेला. बटणं चमकत होती. मी स्कर्टाची दुमड उलटून पाहिली. दोन बोटं जास्तीचं कापड आत ठेवलं होतं, पुढच्या वर्षी उसवून वाढवायला.

धाकटी उंबऱ्यावर बसून वहीत चित्र काढत होती. "छान आहे ना?" ती म्हणाली. "तो ताईचा आहे. ती सहावीत जाणार ना. माझा नंतर. आई म्हणाली, आधी ताईचा."

टेलरताई मान खाली घालून मशीन चालवत होत्या. त्यांना ऐकू आलं असेल की नाही, कोण जाणे. मी स्कर्टाची दुमड होती तशी घातली. परत आले ती रस्त्यात डोळे पुसतच आले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. पुढच्या वर्षी डोळा ठेवायचा की काढायचा, ते ठरवायचं होतं. बक्षीस समारंभासाठी यादी त्यानेच काढली होती, एकही दिवस न चुकता आलेल्या मुलांची. हेडबाई चष्मा लावून वाचायला लागल्या. "सगळ्या शाळेत एकच? कमाल आहे! पाचवी ब, सतरा नंबर..." आणि त्या थांबल्या.  ती मुलगी गेली त्या दिवशी त्यांनीच शाळा लवकर सोडली होती.

"हे काय आहे?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

मी सगळं सांगितलं. सोमवारचं सोडून. उचलली जीभ लावली टाळ्याला ही माझी ख्याती, पण ते एक वाक्य काही बाहेर येईना.

हेडबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "उद्याच्या उद्या नाव काढा. त्या आईसाठी नाही जमत, तर त्या लहान पोरीसाठी काढा."

काढणं सोपं होतं होय! डोळ्याने कारण विचारलं आणि समोर यादी ठेवली. शाळा बदलली. गाव सोडलं. प्रवेश रद्द. इतर. मूल मरतं, हे यादी करणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं. मी 'इतर' दाबलं. मग तो म्हणाला, पालकांच्या फोनवर चार आकडे पाठवतो, ते दोन मिनिटांत इथे भरा. म्हणजे जे करायचं ते तिच्या आईकडूनच करून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टेलरताईंना वर्गात बोलावलं. दुपारचं लख्ख ऊन बाकांवर पडलं होतं. पोरं गेली होती, फळ्यावर माझंच अक्षर होतं. पडद्यावर होतं, हजर १.

त्यांनी ते पाहिलं. हळूच विचारलं, "आहे ती? आत्ता?"

"ताई, हा यंत्राचा आकडा आहे."

त्या तिसऱ्या बाकापाशी गेल्या आणि बाकावर हात ठेवून तशाच राहिल्या. मी काय करणार आहे ते सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. 'बरं' म्हणाल्या. मी बटण दाबलं, त्यांचा फोन वाजला. "चार," त्या म्हणाल्या. "नऊ. दोन." आणि थांबल्या.

"शेवटचा, ताई."

"शेवटचा उद्या सांगते. चालेल? उद्या सकाळचा निरोप तेवढा येऊ द्या."

दोन मिनिटं संपली. मी पुन्हा बटण दाबलं, नवे आकडे गेले. या वेळी त्यांनी फोन मुठीत घट्ट धरला आणि मान हलवली. "नाही हो, बाई. माझ्या हाताने नाही. तिला मीच घालवू?"

तेव्हा मी बोलले. कसं कोण जाणे, पण बोलले. "तुम्ही नाही घालवलंत. मी काय केलंय ते ऐका. त्या सोमवारी मी तिला उभं केलं होतं. ताप होता, मला माहीत नव्हतं. घंटा झाली आणि मी तिला बस न म्हणता निघून गेले. म्हणून मला हे नाव काढता येत नव्हतं. तुमची दया म्हणून नाही, माझं पाप म्हणून मी गप्प बसले. मला काय हवं ते बोला."

त्यांनी मुठीतला फोन बाकावर ठेवला. 

"सोमवारी घरी आली तेव्हा पाय दुखतात म्हणाली," त्या म्हणाल्या. "मी मशीनवरून उठले नाही. म्हटलं, खेळून आली असेल."

मग आम्ही दोघी रडलो. मी बाकाच्या या बाजूला, त्या त्या बाजूला. एकमेकींना माफ वगैरे काही केलं नाही, तशी ती गोष्टच नव्हती.

दारातून आवाज आला, "आई, घरी चल ना. भूक लागलीय."

धाकटी होती. एका पायातला बूट हातात, त्याचा बंद तुटलेला. स्कर्टाला पिन. टेलरताईंनी तिच्याकडे पाहिलं. बाई नुसत्या नजरेने माप सांगणाऱ्या, कुणी फाटकातून आत शिरलं की त्याची छाती-कंबर ओळखणाऱ्या. त्यांची नजर त्या स्कर्टाच्या काठावर गेली आणि तिथेच अडकली. काठ गुडघ्याच्या चांगला चार बोटं वर चढला होता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ही एवढी कधी वाढली?"

त्यांनी गळ्यातला टेप काढला. गुडघ्यांवर बसून पोरीची कंबर मोजली, उंची मोजली, दोन-दोनदा मोजली. धाकटी हसायला लागली, गुदगुल्या होतात म्हणाली. मग टेलरताईंनी मला मान हलवून खूण केली. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. फोन वाजला. त्यांनी तो धाकटीच्या हातात दिला. "मला दिसत नाहीये नीट. तू वाच, बाळा. बाईंना मोठ्याने सांग."

धाकटीने एकेका आकड्यावर बोट ठेवून, दुसरीतल्या पोरी वाचतात तसं खणखणीत वाचलं. "सात. शून्य. तीन. आठ."

"शाब्बास," मी म्हटलं आणि भरलं.

पट ४०, असं पडद्यावर आलं. पुढे काही बघायच्या आत मी भिंतीवरचं बटण बंद केलं. टेलरताई एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात पोरगी घेऊन गेल्या. फाटकापर्यंत धाकटीची बडबड ऐकू येत होती. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायन्सचे सर अभिप्रायाचा फॉर्म घेऊन माझ्या वर्गात आले आणि भिंतीवरचं बटण त्यांनी चालू केलं. पोरं जागेवर बसली होती. सात चाळीस झाले. पडद्यावर अक्षरं आली. पट ४०. हजर ४०. अनोळखी विद्यार्थी १. नाव नोंदवायचे का?

सरांनी चष्मा सारखा केला. "ही अनोळखी कोण?"

"कोण कुठली, मला काय ठाऊक!" मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मलाच धरलं असेल त्याने."

"छे. शिक्षकांना तो मोजतच नाही. तुमचा आणि माझा फोटो पहिल्याच दिवशी वगळून टाकला होता मी." मग ते खालची ओळ वाचायला लागले, मी जी कधी वाचली नव्हती ती. "बसलेले ४०, उभे १. बाई, पण कुणी उभं नाहीये इथे."

 पहिल्या दिवसापासून ती ओळ तिथेच होती. उभे १. मी समजत होते ती मी. आणि ती रोजची उंची! बसलेल्याची उंची डोळ्याला मोजता येत नाही, उभ्याचीच येते. टेलरताईंना रोज यायची. एकशे एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस.

तिला मी उभं केलं होतं. मी 'बस' म्हणेपर्यंत बसायचं नाही, हा माझा नियम. गुणी पोर होती. कधी नियम मोडला नाही.

मी टेबलामागून पुढे आले. चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या बाकावर खिडकीकडची जागा रिकामी होती, ऊन यायचं तिथे. खिडकीतून समोरच्या दुकानात मशीन चालताना दिसत होतं आणि खिळ्याला काही टांगलेलं नव्हतं. तो गणवेश उसवून, कापून टेलरताई धाकटीसाठी लहान करत होत्या.

मी त्या जागेकडे बघितलं. सव्वीस वर्षांत वर्गात माझा आवाज असा कधी निघाला नव्हता.

"बस, बाळा," मी म्हटलं. "चुकलं माझं. बस आता."

 बाक किंचित करकरला. सरांनी पडद्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. उभे ०. मग वरची 'अनोळखी'ची ओळ गेली आणि नुसतं पट ४०, हजर ४० राहिलं. सरांच्या हातातला फॉर्म खाली पडला, तो त्यांनी उचललाही नाही. त्यांच्या तोंडून सेटिंग हा शब्द काही निघाला नाही.

पहिल्या बाकावरची चोंबडी म्हणाली, "बाई, तुम्ही रडताय?"

"खडू गेला डोळ्यात. काय बघताय सगळे? वह्या काढा." मी भिंतीवरचं बटण बंद केलं, कपाट उघडलं आणि जुना हजेरीपट बाहेर काढला. एक, दोन, तीन, करत हाका मारत गेले. सोळा नंबर 'हजर' म्हणाला. मी थांबले, एक श्वास घेतला, आणि अठराला हाक मारली.